देवगिरीचं तिकीट २५ रुपये, मग बाकीचे पैसे कुठं जातात?

परभणी जिल्ह्यात डोंगरी किल्ला नाही. पूर्णा, दुधना आणि गोदावरीनं सपाट केलेला हा काळ्या मातीचा मुलूख. जिंतूरकडे थोडा चढ लागतो, एवढंच. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी ‘किल्ला बघायचाय’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांसमोर पहिला प्रश्न अंतराचा असतो आणि दुसरा पैशाचा. पुण्या-साताऱ्याची मंडळी सकाळी पोहे खाऊन सिंहगड चढतात आणि दुपारी जेवायला घरी असतात. आपल्याला त्यासाठी जिल्हाच ओलांडावा लागतो.

आपल्याला सोयीचा, खराखुरा उंच आणि मुलांच्या डोळ्यांत भरेल असा गड म्हणजे देवगिरी, म्हणजेच दौलताबाद. यादवांची राजधानी, मग खिलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम, असे धनी या गडानं पाहिले. सभोवतालच्या जमिनीपासून सुमारे दोनशे मीटर उंच सुळका, पायथ्याचा कडा तासून उभा केलेला, भोवती खडकात कोरलेला खंदक आणि वर जायला मुळात एकच वाट.

हिशेबासाठी एक घर धरू: नवरा, बायको, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आजी. पाच माणसं, एका दिवसात जाऊन येणं. दर बदलतात, म्हणून प्रवासाचे आकडे ठोकळ धरले आहेत. तुमच्या घराची माणसं घालून बेरीज करून घ्या.

दारातला खर्च

हा सगळ्यात छोटा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि तिकिटाच्या दृष्टीनं ‘ब’ वर्गात मोडतो. भारतीयांना खिडकीवर २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. आपल्या हिशेबातल्या घराला तीनच तिकिटं लागतात, म्हणजे ७५ रुपये. मुलगी चौदाची असली तरी उंचीनं आईएवढी दिसत असेल, तर तिचं आधार कार्ड जवळ ठेवा. खिडकीवरची हुज्जत वाचते.

दिवाळीत अमेरिकेतून भाऊ-भावजय येतात आणि ‘मुलांना आपला इतिहास दाखवू’ म्हणून सोबत निघतात. परदेशी नागरिकाला हेच तिकीट ३०० रुपयांना पडतं. मात्र ओसीआय कार्ड असेल तर भारतीयांचाच दर लागतो. २०२१ पासून केंद्र सरकारनं तशी बरोबरी दिली आहे. हे कार्ड बहुतेकांचं घरच्या कपाटात राहतं, तेव्हा निघतानाच विचारा. मोबाइलनं फोटो काढायला पैसे नाहीत, व्हिडिओ कॅमेऱ्याला २५ रुपये. ड्रोन नेऊच नका.

जागतिक वारसा दिनी, १८ एप्रिलला, अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्यानं प्रवेश मोफत ठेवला आहे. पंचाहत्तर रुपये वाचवायला एप्रिलच्या मध्यात त्या काळ्या खडकावर चढायचं की नाही, हे परभणीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

रस्ता: खरा खर्च इथं आहे

परभणी ते छत्रपती संभाजीनगर रेल्वेनं १७७ किलोमीटर. मेल-एक्स्प्रेसचं जनरल तिकीट ऐंशी-नव्वद रुपयांच्या दरम्यान पडतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं. ज्येष्ठांची सवलत रेल्वेनं मार्च २०२० मध्ये बंद केली, ती अजून आलेली नाही, म्हणून आजीचं तिकीट पूर्ण. चार पूर्ण आणि एक अर्धं धरलं तर जाऊन-येऊन पावणेआठशे ते आठशे रुपये.

आता एसटी. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. जिंतूर-मंठा-जालना मार्गे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे पूर्ण तिकीट साडेतीनशेच्या आसपास. महिलांना मार्च २०२३ पासून सर्व बसमध्ये अर्धं तिकीट आहे, म्हणून आई आणि मुलगी अर्ध्यात. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या आजीलाही अर्धं, आणि पंचाहत्तरच्या पुढच्या आजी-आजोबांना तर फुकट. मुलगाही अर्ध्यात. म्हणजे पूर्ण पैसे फक्त बाबांचे. तरीही जाऊन-येऊन दोन हजार शंभरच्या आसपास होतात.

एसटीचं अर्धं तिकीटसुद्धा रेल्वेच्या पूर्ण तिकिटाच्या दुप्पट पडतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ‘बायकांना अर्धं आहे ना’ म्हणून लोक स्टँडकडे वळतात. एसटी खरी परवडते ती पंचाहत्तरी ओलांडलेले दोघं-तिघं सोबत असतील तेव्हा, किंवा तुमचं गाव रेल्वेपासून लांब असेल तेव्हा. जिंतूरच्या माणसानं आधी परभणीला येऊन गाडी धरण्यात काही अर्थ नाही. त्यानं सरळ जालन्याची बस पकडावी.

सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस आपल्या कामाची आहे. संभाजीनगरच्या खंडपीठात तारखा असलेले पक्षकार आणि वकील तिच्याच भरवशावर असतात. सकाळी परभणीहून निघून ती दुपारच्या आत पोचवते आणि संध्याकाळी परतीला मिळते. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत येते आणि परभणीला थांबते. ती पहाटे लवकर असल्यानं उन्हाआधी गडावर पोचता येतं. पण तिच्या एका खुर्चीच्या पैशात जनरलची पाच तरी तिकिटं निघतात आणि मुलालाही पूर्ण पैसे. जाताना वंदे भारत आणि येताना जनरल असा मेळ ज्यांना झेपेल त्यांनी जरूर घालावा, कारण गडावर सकाळी नऊला असणं आणि साडेअकराला असणं यात फार फरक आहे.

जनरल तिकिटाचा एक नियम ध्यानात ठेवा. १९९ किलोमीटरपर्यंतचं अनारक्षित तिकीट त्याच दिवशी काढावं लागतं आणि तीन तासांच्या आत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंतच प्रवास सुरू करावा लागतो. आपलं अंतर १७७, म्हणजे हा नियम आपल्याला लागू. परतीचं तिकीट सकाळीच परभणीत काढून खिशात ठेवलं तर संध्याकाळी ते रद्दी. मोबाइलवरून काढा किंवा तिथल्या खिडकीवर, पण परत निघतानाच.

हा मार्ग अजून एकेरी आहे. दुहेरीकरणाला केंद्रानं २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण ते होईपर्यंत समोरून येणाऱ्या गाडीसाठी कुठल्या तरी स्टेशनवर थांबणं आलंच. परतीच्या गाडीच्या वेळेआधी एक तास तरी हाताशी राहील असा बेत करा.

स्वतःची गाडी असेल तर जाऊन-येऊन किल्ल्यापर्यंत चारशे तीस किलोमीटर धरा. लिटरला सोळा किलोमीटर पडत असतील तर सत्तावीस लिटर पेट्रोल, म्हणजे अठ्ठावीसशे ते तीन हजार रुपये. टोल आणि किल्ल्याखालचं पार्किंग वेगळं. परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग म्हणून वर्षानुवर्षं बातम्यांत झळकत आलं आहे, कारण ते मनमाडजवळच्या डेपोतून टँकरनं इथवर यायचं. म्हणून काही जण जालन्यात टाकी भरायची म्हणून काटा तळाला टेकेपर्यंत गाडी पळवतात. लिटरमागे रुपया-दोन रुपये वाचले तरी सगळे मिळून पन्नासच्या आत-बाहेर. तेवढ्यासाठी लेकराबाळांना मंठ्याच्या अलीकडे उन्हात उभं करायची जोखीम घेऊ नका.

भाड्याची सात जणांची गाडी करायची तर किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता, टोल कोणाचा आणि रात्री उशीर झाला तर काय, या चार गोष्टी निघण्याआधी बोलून घ्या. पंधरा रुपये किलोमीटर धरला तरी सात हजारांच्या आसपास जातात. दोन घरांनी मिळून केली तरच ती पटते.

स्टेशनपासून गडापर्यंत

स्टेशन ते मध्यवर्ती बसस्थानक रिक्षानं थोडं अंतर. तिथून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणाऱ्या बस देवगिरीच्या दारावरून जातात. पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे तीन टप्पे. पूर्ण तिकीट तीस-पस्तीस रुपये, बाकीच्यांना अर्धं. रिक्षा आणि बस मिळून पाच जणांना दोन्ही बाजूंचे चारशे रुपये पुरतात. दिवसभराची रिक्षा ठरवली तर आठशे ते बाराशे मागतात. सोबत आजी असेल तर ती घ्याच, पण ‘थांबायचे’ पैसे त्यातच आहेत हे चालकाकडून वदवून घ्या.

वार बघून निघा. याच रस्त्यावर पुढे खुलताबादचा भद्रा मारुती आणि वेरूळचं घृष्णेश्वर आहे. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला शहरातून पायी जाणाऱ्यांची रांग लागते, सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी. रविवारी तर देवगिरीजवळच्या जुन्या दिल्ली दरवाजाच्या अरुंद कमानीशी गाड्यांची कोंडी ठरलेली. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली. गडावरच्या अंधाऱ्या बोगद्यात पुढे एक शाळा आणि मागे एक शाळा अशी गाठ पडली, की काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

मंगळवार टाळा, पण वेरूळसाठी. लेणी त्या दिवशी बंद असतात. देवगिरीबरोबर वेरूळ जोडायचं तर तिकीट ४० रुपये, पंधराखालच्यांना तिथंही फुकट. एका दिवसात दोन्ही होतात असं गाडीवाले सांगतात. परभणीहून येऊन, मुलं आणि आजी घेऊन होत नाहीत. मुलांचे पाय गडावरच संपलेले असतात आणि कैलास लेणं ती बसून बघतात. दोन्ही करायचं तर मुक्काम करा. साधी खोली हजार-दीड हजारापासून मिळते. शहरात मावशी किंवा आत्या राहत असेल तर या लेखातली सगळ्यात मोठी बचत तीच.

कोण कुठपर्यंत चढेल

पैसे वाया जातात ते सगळ्यात जास्त इथं. एवढा खर्च करून गेल्यावर ‘वर जायचंच’ असा हट्ट होतो, मग आजी मध्यात दमून बसते, तिच्यासाठी आई थांबते आणि अर्धं घर काहीच न बघता परत येतं. देवगिरीचे तीन टप्पे आहेत, हे आधीच घरात सांगून टाका.

पहिला टप्पा महाकोटाच्या आतला. मोठे दरवाजे, त्यांवरचे हत्तीला रोखणारे खिळे, मांडून ठेवलेल्या तोफा, सरस्वती विहीर, हत्ती हौद आणि भारतमाता मंदिर. हे मंदिर म्हणजे मुळात कुतबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळातली, १३१८ ची मशीद, आणि तिचे खांब जुन्या देवळांचे. शेजारी चांदमिनार. तो बहामनी अलाउद्दीनानं पंधराव्या शतकात बांधला. आत चढू देत नाहीत, बाहेरून बघायचा. इथवर वाट जवळजवळ सपाट आहे. आजीला एवढं सहज होतं आणि सावलीला बसून तास-दीड तास मजेत जातो.

दुसरा टप्पा काळाकोट. थोडा चढ, थोड्या पायऱ्या. इथं चिनी महाल आहे. निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला चिकटलेले दिसतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा याला औरंगजेबानं १६८७ नंतर इथंच कैदेत ठेवलं होतं. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं ओतलेलं आहे, म्हणून हे नाव. मुलांना यातली तोफच आवडेल. गुडघे बरे असलेल्या आजीलाही इथपर्यंत येता येतं.

तिसरा टप्पा खंदकावरचा पूल ओलांडल्यावर सुरू होतो आणि गडाची खरी करामत तिथं आहे. अंधारी म्हणजे खडकाच्या पोटातून वळणं घेत वर जाणारा बोगदा. शत्रू आत शिरला तर दिशा चुकून खंदकात पडावा किंवा वरून ओतलेल्या उकळत्या तेलात सापडावा अशी रचना. आज संकट वटवाघळांच्या वासाचं आणि निसरड्या पायऱ्यांचं. तोंडाशी टॉर्च घेऊन माणसं उभी असतात, माणशी दहा-वीस रुपयांत आतून नेतात आणि गोष्टी सांगतात. गोष्टींतलं निम्मं इतिहासात सापडणार नाही, पण पैसे वसूल होतात. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात मूल अशी अवस्था होते. अंधाराची भीती वाटणाऱ्यांसाठी बाजूनं जाणाऱ्या पायऱ्यांची वाट पहारेकऱ्याला विचारा. पूर्ण गडाचा अधिकृत गाइड करायचा असेल तर पैसे, वेळ आणि वरपर्यंत येणार की नाही, हे तिकीट खिडकीजवळच ठरवा.

अंधारीनंतर गणपतीचं देऊळ, मग बारादरी, आणि पुढे माथा. सगळ्या मिळून साडेसातशेच्या आसपास पायऱ्या. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते. वर त्यांच्या नावाची गुहा दाखवतात. पैठणचा मुलगा गुरू शोधत इथवर आला ही गोष्ट आजीला ठाऊक असते, पण ती खालीच बसलेली असते, म्हणून तिला ती मुलांना पायथ्याशीच सांगायला लावा. बारा वर्षांपुढच्या मुलांना माथा झेपतो. सहा-सातच्या आतल्याला खांद्यावर घ्यावं लागेल, तेव्हा तशी तयारी नसेल तर बारादरीचा नादच सोडा.

खाणं-पाणी

१२९६ साली अलाउद्दीन खिलजीनं वेढा घातला तेव्हा घाईघाईनं गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं आणि रामदेवराव यादवाला तह करावा लागला, असं इतिहासात सांगतात. शिदोरी निघण्याआधी उघडून बघावी, हा धडा देवगिरीवरच सगळ्यात महाग पडला.

दुधातल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काकडी. हे दिवसभर टिकतं आणि पाच जणांच्या थाळीचे आठशे-हजार रुपये वाचतात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीच्या वाणाला ‘परभणी मोती’ असं नाव दिलेलं आहे. आपण ज्वारीच्या राजधानीतून निघून महामार्गावरच्या ढाब्यावर मैद्याची रोटी खावी, हे मला तरी पटत नाही. पाणी माणशी दोन लिटर घरून. वीस रुपयांच्या बाटल्या पायथ्याशी मिळतात, पण खंदकाच्या पलीकडे काही मिळेल असं धरून चालू नका. डबा पहिल्या टप्प्यात सावलीतच संपवा. गडावर माकडं आहेत आणि प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना ओळखीचा आहे.

पायथ्याच्या टोपल्यांतले पेरू आणि हंगामात सीताफळं घ्या. दौलताबादेचा पेरू नावाजलेला आहे. येताना घ्या, जाताना नाही, नाहीतर दोन किलोचं ओझं अंधारीतून न्यावं लागेल. चहा, पेरू, लिंबू सरबत असे तीनशे रुपये वेगळे काढून ठेवा.

पायांत बूट किंवा पट्ट्याच्या चपला. वाळलेल्या गवताच्या दिवसांत बिडी-सिगारेट पेटवू नका. एप्रिल २०२५ मध्ये गडावर आग लागली होती.

जमाखर्च असा पडतो: रेल्वेनं, घरची शिदोरी घेऊन, पाच जणांचे सुमारे सोळाशे रुपये. बाहेर जेवलात तर पंचवीसशे. दिवसभराची रिक्षा केली तर त्यात सहाशे-सातशे मिळवा. स्वतःच्या गाडीनं, शिदोरीसकट, साडेतीन हजार. भाड्याच्या गाडीनं साडेसात हजारांच्या पुढे. एवढ्यात सरकारी तिकिटाचे फक्त पंचाहत्तर.

हेही जास्त वाटत असेल तर

बीड जिल्ह्यातला धारूर बघा. पाथरी-माजलगाव-तेलगाव मार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे स्वतःच्या गाडीनं जाऊन-येऊन दीड हजाराचं पेट्रोल. बालाघाटच्या डोंगरावरचा हा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानानं १५६७ मध्ये बांधून घेतला, मग तो निजामशाहीकडे गेला आणि १६३१ मध्ये मोगलांच्या आझमखानानं जिंकला. तिन्ही बाजूंना दरी आणि गावाकडून जवळजवळ सपाट प्रवेश, त्यामुळे चढाईची दमछाक गाडीच्याच वाट्याला येते, तीही धारूरच्या घाटात. आत गोडी दिंडी आणि खारी दिंडी अशी पाण्याची टाकी आहेत. तटावर कठडे नाहीत, लहान मुलांचा हात सोडू नका. येताना खवा घ्या. धारूरकडचा खवा मराठवाड्यात नावाजलेला आहे.

आणि मुलं दोनशे पायऱ्या तरी चढतात का, हे आधी तपासायचं असेल तर जिंतूरजवळची नेमगिरी आहेच. तो किल्ला नव्हे, टेकडीवरची जैन लेणी आहेत. एका लहानशा दगडावर टेकलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती तिथं बघायला मिळते. एसटीनं सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. देवस्थान आहे, चामड्याच्या वस्तू घरीच ठेवा.

माझा कौल असा: घरातलं सगळ्यात धाकटं मूल सातच्या आत असेल तर यंदा धारूर करा. ते दहाच्या आसपास असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला मधला वार धरा, वेरूळही जोडणार असाल तर मंगळवार सोडून, आणि रेल्वेनं देवगिरीला जा. सुट्ट्या पैशांत पाचशे रुपये जवळ ठेवा. टॉर्चवाल्याकडे आणि पेरूवालीकडे दोनशेची मोड मिळत नाही.